चालू दिलेलं इंजिन

एकोणीसशे ब्याण्णव साल. माघ महिना. केळी निसवणीला आली होती, घड बाहेर पडू लागले होते, आणि सकाळी पानांवरून दव टपटपत होतं. त्या दिवशी मला विहिरीवरून उचलून ट्रॉलीत घातलं.

मी डिझेलवर चालणारं जुनं इंजिन बोलतोय. एका सिलिंडरचं, दोन जड चाकांचं. मला शिक्षण नाही. चार कामं येतात. हवा ओढायची, ती दाबायची, पेटायचं, धूर बाहेर टाकायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. एवढंच; पण त्यात मी कधी चुकलो नाही.

चोपड्याजवळच्या एका गावात आधारभाऊंनी मला आणलं. त्यांची एक रीत होती. हंगामात मला पहिल्यांदा चालू करायचं असलं की ते डबीतला शेंदूर तेलात कालवायचे आणि चाकाच्या मधोमध बोट लावायचे. त्याशिवाय हँडलला हात नाही. ते गेले. त्यांच्या बायकोनं, केसरबाईनं, रीत सोडली नाही. पुढे विहिरीवर मोटर आली आणि मला तिथल्याच छपरात ठेवलं. पण उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घरघरायची. मग केसरबाई डबी घेऊन माझ्याकडे यायची. वैशाखात बाग माझ्यावरच असायची.

पितांबर तिच्या भावाचा मुलगा. जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तो मला मागायला आला.

"आत्या, तुनं इंजिन दे. परीक्षाकरता पाहिजे."

"का रे? तुना बदला इंजिन परीक्षा देई का?"

"तसं नही. त्याना व्हॉल्व्ह आते लाइटवर चालतीन."

केसरबाई मोठ्यानं हसली. "लाइटवर मनी मोटर चालत नही, अन् तू इंजिन चालाडशी!"

पण दिलं. आमच्याकडे इंजिन उसनं देताना कागद नसतो, भाडं नसतं. देणारा ते चालू करतो, नेणारा त्यावर हात ठेवतो. परत करताना आणणारा चालू करतो, घेणारा हात ठेवतो, की उसनं फिटलं. केसरबाईनं मला चालू केलं. पितांबरनं हात ठेवला.

"चालू देस," ती म्हणाली. "वैशाखना आधी चालूच लई ये."

"लई येसू, आत्या," त्यानं परत आणायचा शब्द दिला.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये माझं डोकं, म्हणजे हेड, उघडलं. पितांबरसोबत धुळ्याचा तोताराम होता. तोंडानं फटकळ, हातानं बरा.

माझ्या पोटात एक दांडा आहे, कॅमशाफ्ट. त्यावरचे उंचवटे फिरता फिरता दांड्या वर ढकलतात आणि दोन व्हॉल्व्ह आपापल्या वेळी उघडतात, मिटतात. एक हवेचा, एक धुराचा. ही वेळ मी लोखंडात घेऊन जन्मलो. पोरांनी त्या दांड्या काढून घेतल्या. व्हॉल्व्हवर तांब्याच्या तारेची दोन भेंडोळी बसवली. तारेत वीज आली की व्हॉल्व्ह खाली दाबला जायचा, गेली की स्प्रिंगनं वर. कॅमशाफ्टला फक्त फिरण्याचं काम ठेवलं. तिच्या टोकाला पत्र्याची गोल तबकडी लावली, कडेला बारीक खाचा असलेली. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा काचेचा डोळा. एका खाचेतून उजेड आला की उघड. पुढच्या खाचेतून आला की मिट.

"आबा, तुमची पेन्शन सुरू," तोतारामनं माझ्या पाठीवर थाप मारली.

मला राग आला. मी कोणाला पेन्शन मागितली नव्हती.

पण पितांबर कष्टाळू निघाला. भेंडोळी तापायची, जळक्या वार्निशचा वास सुटायचा. धुराचा व्हॉल्व्ह तर उघडायचाच नाही, कारण पेटल्यावर आतला दाब त्याला खालून धरून ठेवतो. त्यानं जाड तार घेऊन नवं भेंडोळं भरलं. तेही जळलं. पुन्हा भरलं. बोटांची सालं निघाली. माझ्या अंगाला कान लावून तो बसायचा, वैद्यासारखा. शेवटी एके दुपारी मी चाललो. थोडा वेळ, अडखळत, पण चाललो. तेव्हा माझा राग गेला. वाटलं, म्हाताऱ्याला नवी विद्या येते की काय.

चैत्र संपत आला. बाहेरचे परीक्षक यायचे होते. त्या दिवशी केसरबाई एसटीनं आली. हातात पिशवी, पिशवीत शेंदराची डबी.

"मनं इंजिन परीक्षाले बसनं, अन् मी घर बशी राहू?"

पितांबर सरांना बोलवायला गेला होता. तोताराम एकटाच होता. केसरबाईनं मला सगळीकडून पाहिलं. चाकापुढे वायरींचा गुंता. समोर तबकडी तेवढी मोकळी, चकचकीत.

"आठे लाऊ का रे?" तिनं तबकडीकडे बोट केलं.

"लावा अक्का. आमच्या मार्कांनाही लावा थोडा."

तिनं तेलात कालवलेला शेंदूर तबकडीच्या मधोमध भरपूर थापला. डोळे मिटले. आधारभाऊंचं नाव घेतलं असावं.

पितांबर आला. त्यानं शेंदूर पाहिला. शेंदूर मध्ये होता, खाचा कडेला होत्या. आणि लावलेला शेंदूर पुसायचा, हे मळ्यात वाढलेल्या पोराच्या मनात येत नाही. त्यानं हात जोडले आणि हँडल मारलं.

मी चाललो. असा कधी चाललो नव्हतो. टक-टक, टक-टक, दोन्ही व्हॉल्व्ह आपल्या वेळेला. परीक्षक वाकून पाहत होते. सर हसत होते. तोताराम केसरबाईला म्हणाला, "अक्का, पाहा, लाइटवर!" ती पदरानं डोळे पुसत होती.

फिरत्या वस्तूवरचं तेल मधोमध राहत नाही. ते बाहेर सरकतं. मला ते कळत होतं. मी ओरडू शकत नव्हतो. शेंदूर सरकत सरकत कडेला आला आणि मिटायच्या खाचेत बसला. डोळ्याला उजेड दिसला नाही. धुराचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला. खालून माझाच पिस्टन वर आला आणि त्यावर आदळला.

पुढचा आवाज मी सांगणार नाही. व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं. पिस्टनला भोक पडलं. हेडला आरपार तडा गेला.

पितांबरनं तबकडीवरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. त्याला कळलं. त्यानं मूठ मिटली.

तोतारामनंही पाहिलं. "अरे, हा तर शें—"

"गप."

"काय व्हयनं रे?" केसरबाईनं विचारलं.

"गणित चुकनं, आत्या. मनंच चुकनं."

"शेंदूर लायेल व्हता, तरी?"

"त्यानामुळेच इतलं तरी चालनं."

ती पिशवी उचलून एसटीला गेली.

चाललं तेवढं धरून पोरांना पास केलं. मला मागच्या भिंतीशी टाकलं.

वैशाखात काय झालं ते पितांबर माझ्या चाकावर बसून तोतारामला सांगत होता. व्होल्टेज पडलं आणि मोटर जळली. त्या महिन्यात कोणाचं इंजिन रिकामं नसतं. मोटर नवी तार भरून आली तोवर बाग पाण्यावाचून बसली होती. घडांसकट झाडं मध्येच मोडून पडली. केसरबाईनं कोणापुढे तोंड उघडलं नाही. पितांबर भेटायला गेला तेव्हा त्याला पाणी दिलं आणि आत निघून गेली.

"सांगून टाक ना तिला," तोताराम म्हणाला. "दोष तुझा नाही."

"आणि तिनं पुढे काय करायचं? जन्मभर शेंदूर लावणारा आपला हात पाहत बसायचं?"

तोताराम नोकरीवर नाशिकला गेला. पितांबरलाही बोलावणं होतं. तो गेला नाही. मला ट्रकमध्ये घालून चाळीसगावला घेऊन गेला, तिथल्या गॅरेजात कामाला लागला. माझं हेड आता कोणी बनवत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो भंगारबाजार पालथे घालायचा. रिकाम्या हातानं परत यायचा आणि मला झाकून ठेवायचा. माझ्या पिस्टनच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. गंज आतपर्यंत पोचला. आपण आता संपलो, हे मी मान्य केलं होतं.

वाचणाऱ्यांनो, मी कोणाकडे काही मागत नाही. पण एक सांगतो. नवं करा, जरूर करा. जुन्याच्या पाया पडणारं माणूस समोर आलं, तर त्याला हसून मोकळे होऊ नका. हात धरून दाखवा, की इथे लावा, इथे लावू नका. त्या दिवशी एवढं कोणी केलं नाही.

धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे शेवटी हेड मिळालं. पितांबरनं नवा पिस्टन घातला. भेंडोळी, तबकडी, डोळा, सगळं काढून टाकलं. जुन्या दांड्या परत बसवल्या. शहाण्णवच्या वैशाखात त्यानं मला केसरबाईच्या विहिरीवर नेलं.

मळ्यात केळी नव्हती. भोवती सगळ्यांनी बोअर घेतले होते, आणि विहीर तळाला कोरडी ठणठणीत होती. केसरबाई वाकली होती. तिनं डबी आणली नव्हती.

पितांबरनं खिशातून पुडी काढली. शेंदूर होता. "लाव, आत्या."

"काय कामना आते?"

"लाव."

तिनं बोट चाकाच्या मधोमध टेकवलं. त्यानं हँडल मारलं. मी दोन आचके दिले आणि चालू झालो. पंपाला पट्टा नव्हता. नुसताच चालत राहिलो.

केसरबाईनं माझ्यावर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला.

"फिटनं," ती म्हणाली, आणि मला बंद केलं.