वास बघणं

गोरखने भिंतीवरच्या बोर्डात यंत्र घट्ट बसवलं, त्याची रिंग तीनच्या खुणेपर्यंत फिरवली आणि गुडघ्यावर बसूनच नाक पुढे केलं. मोगरा काही येईना. मागच्या दारातून शेळ्यांचा, चुलीच्या धुराचा आणि सुकटीचा वास मात्र बोलावल्यासारखा आत आला.

"आई, सुकट अजून घरातच आहे?"

"न्हाई रं. सकाळच्यालाच ठकुबाईकडं ठिवून आले."

"मग वास कसा येतोय?"

रतनबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग ओलं फडकं घेऊन तिने सुकटीच्या डब्याची रिकामी फळी तिसऱ्यांदा पुसायला घेतली.

घराच्या वासापुढे आपल्या यंत्राचं काही चालत नाही, असं गोरखने ठरवून टाकलं. यंत्रातच काही चुकलं असेल, ही शंका त्याला शिवलीही नाही. घराला दोष द्यायची सवय त्याला फार जुनी होती. भोरला कॉलेजात असताना तो सुट्टीवरून परत आला आणि त्याने बॅग उघडली की खोलीतला सोबती एक अक्षर न बोलता उठायचा आणि खिडकी उघडायचा. तीन वर्षं त्याने खिडकी उघडली. तो बोलला असता तर गोरखने चार शब्द उलट सुनावले असते, पण न बोलणाऱ्याला काय सुनावणार? तेव्हापासून गोरख गावाहून निघताना कपडे प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून नेत असे.

आता तो नसरापूरजवळच्या एका कारखान्यात आरेखन विभागात होता. त्याचं नशीबही असं खट्याळ की तिथे त्याच्या वाट्याला वासाचंच काम आलं. घर सुगंधी करणारं, बोर्डात खोचायचं यंत्र. दिसायला डासांच्या मशीनसारखंच, पण याला एक रिंग होती. ती फिरवली की बाटलीतली वात गरम पट्टीच्या जवळ किंवा लांब जायची, आणि सुगंध कमीजास्त व्हायचा. एक, दोन, तीन. ही रिंग गोरखच्या डोक्यातून निघालेली होती. वरच्यांचं म्हणणं, कशाला हवी रिंग, एकच बटण पुरे. सोमवारी निकाल लागायचा होता. रिंग राहिली तर गोरखचं पहिलं काम बाजारात दिसणार होतं. गेली तर तो पुन्हा बादल्यांच्या झाकणांची चित्रं काढत बसणार होता.

निकालासाठी अकरा जणांना एकेक यंत्र घरी लावायला दिलं होतं, सोबत एक फॉर्म. गोरखने मागच्या रविवारी गावी येऊन, एसटी चुकेल म्हणून घाईघाईत यंत्र खोचलं आणि तो निघून गेला. मग रोज संध्याकाळी मोबाईलवरून आईला विचारून फॉर्म भरला. आईने काय एकेक उत्तरं दिली होती! एकवर लांबच्या देवळातली फुलं यावीत तसा. दोनवर घरात लग्नाचं माणूस असल्यावानी. तीनवर डोस्कं धरतं. गोरखने ते जसंच्या तसं लिहिलं. बाकी दहा जणांनी 'चांगला', 'बरा' एवढ्यावर भागवलं होतं. मुख्य डिझायनर शेफाली मॅडम फॉर्म वाचून म्हणाल्या होत्या, "हे नाक मला भेटायचंय. रविवारी पानशेतला जाते आहे, वाट वाकडी करून येते." नाही म्हणायची सोय नव्हती.

फॉर्ममध्ये पहिला प्रश्न होता : घरात आधीपासून कोणकोणते वास आहेत? तेवढं एक गोरखने आईला विचारलं नव्हतं. स्वतःच लिहिलं होतं : कोणतेही नाहीत.

म्हणून आज सकाळपासून हा खटाटोप. सुकट ठकुबाईकडे, शेळ्या कुंपणापलीकडच्या भिमाच्या गोठ्यात, आणि आई नव्या लुगड्यात.

"आणि हे बघ," तो म्हणाला, "मॅडम आल्या की सारखी आत-बाहेर करू नकोस. एका जागी बस."

"चुलीवं भात हाय."

"शिजेल तो. बस तू."

"बसते," रतनबाई म्हणाली.

गाडी अकराच्या सुमाराला आली. शेफाली मॅडम पायातलं काढून आत आल्या, खुर्ची दिली तरी चटईवर बसल्या. रतनबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, चुलीकडे पाठ करून बसली. पाणी झालं, गूळ झाला. मग मॅडमनी मान वर करून म्हटलं, "वास येतोय हं, गोरख."

गोरखच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"सॉरी मॅडम. ते शेजाऱ्यांच्या शेळ्या आहेत. त्यांना कितीदा सांगितलं, पण..."

नेमकी तेव्हाच कुंपणापलीकडून तांबडी शेळी ओरडली. तिला रतनबाईचा आवाज ऐकू आला असणार. "आले गं," रतनबाई सवयीने बोलून गेली, आणि मग तिने ओठ मिटून घेतले. नव्या लुगड्याचा काठ बोटांनी सारखा करत ती खाली बघत राहिली. मॅडमनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा गोरखकडे.

"मी भाताचं म्हणत होते," त्या म्हणाल्या. "आंब्याचा मोहर आल्यासारखा वास येतोय. कुठला तांदूळ हा?"

"आंबेमोहोर," रतनबाईचा चेहरा उजळला. "वासाचा तांदूळ. ह्यो वरच्या खाचरातला. पेरायचा म्हंजी गावातली सगळी माझ्याकडं येत्यात वास बघाया. मिसळ असली तर म्या सांगते."

"म्हणूनच इतकं बारीक सांगितलंत तुम्ही!" मॅडमनी पिशवीतून फॉर्म काढला. "काकू, आमच्याकडे वास तपासायला माणसं बसवणार आहोत. पहिलं नाव तुमचं." आणि उठून त्या बोर्डाकडे गेल्या. "आठ दिवसांत बाटली किती उतरली बघू."

त्यांनी यंत्र काढलं, बाटली फिरवून मोकळी केली आणि उजेडात धरली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. वातीवर पातळ, पारदर्शक बूच जसंच्या तसं बसलेलं होतं.

ते बूच गोरखनेच काढलं होतं, म्हणजे कागदावर. प्रवासात थेंब सांडू नये म्हणून. लावण्याआधी ते उपटून टाकायचं असतं, हे दहा जणांना त्यानेच बजावून सांगितलं होतं. मागच्या रविवारी एसटीच्या घाईत, या घरातून लवकर बाहेर पडायच्या घाईत, तो स्वतः विसरला होता. म्हणजे आठ दिवस या खोलीत मोगऱ्याचा एक कणही पसरला नव्हता. आणि फॉर्मवर लांबच्या देवळातली फुलं होती, लग्नघर होतं.

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी बूच उपटलं आणि गोरखच्या तळहातावर ठेवलं. तो सोबती खिडकी उघडायचा ना, तसंच वाटलं गोरखला. आईने सरळ सरळ थापा मारल्या, आणि आपण त्या निळ्या शाईत उतरवून आलो. त्याला आईचा असा संताप आला की तिच्याकडे बघवेना.

रतनबाईला बूच दिसलं नव्हतं. मॅडमना मदत करावी तशा उत्साहाने ती म्हणाली, "येतो की वास. परवा तर तीनवर लईच झाला. मग म्याच दोनवर केला. बंद कराया काय त्याला खूणच न्हाई."

"खरंय काकू," मॅडम हळूच म्हणाल्या. "शून्याची खूण हवी होती." त्यांनी यंत्र पुन्हा बोर्डात खोचलं. "आता येईल बघा."

तिघंही थांबली. मिनिटभरात मोगरा आला. पहिल्यांदा पुसट, मग चांगला दाट. आणि त्या मोगऱ्याला बाजूला सारत दुसरंच काहीतरी आलं. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. गोरखने चमकून मान वळवली. भात लागला होता. लागला कसला, करपत होता. उंबऱ्यावरून धुराची पातळ रेघ आत येत होती. आणि त्या रेघेच्या सगळ्यात जवळ, हातभर अंतरावर, रतनबाई शांत बसली होती.

ती मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने गोरखच्या तोंडाकडे बघितलं. दोघांचे चेहरे बदललेले बघून ती हसली.

"आला न्हवं?" ती म्हणाली. "लई ग्वाड हाय."

गोरख तिला ओलांडून आत धावला. हाताला चटका बसला तरी त्याने पातेलं उतरवलं. खालचा दोन बोटं भात काळा झाला होता. तो तिथेच उभा राहिला. बाहेर जायचं धैर्य त्याला होईना. आई खोटं बोलली, यापेक्षा काहीतरी वाईट त्याला आता कळत होतं, आणि ते आईबद्दलचं नव्हतं, स्वतःबद्दलचं होतं.

"करपला व्हय?" रतनबाई मागे येऊन उभी होती. आवाज अगदी बारीक. "रटरट ऐकू येती रं मला रोज. आज बोलण्यात ध्यान न्हाई राह्यलं."

"जाळ मीच वाढवला होता मॅडम," गोरख बाहेर ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला.

मॅडम वरचा भात आणि आमटी जेवल्या, दुसऱ्यांदा मागून घेतला. निघताना गाडीपाशी त्यांनी फॉर्म गोरखच्या हातात दिला.

"दुसरा भरून आणा सोमवारी," त्या म्हणाल्या. "पहिल्या प्रश्नापासून."

गाडी वळणाआड गेली तरी तो फाट्याकडे बघत राहिला. परत आला तेव्हा रतनबाई अंगणात राखेने पातेलं घासत होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

तिने घासणं थांबवलं नाही. "करोनात ताप आला व्हता न्हवं, तवापास्नं. समद्यांचं परत आलं म्हणत्यात. माझं काय आलं न्हाई."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? लोकं वास बघाया येत्यात. आता नाक न्हाई म्हणून सांगू?"

"मग बघतेस कसा?"

"तोंड बघून," ती म्हणाली. "ज्यानं आणलंय त्यालाच म्हणते, आदी तू घे वास. त्याच्या तोंडावं दिसतंया. तुझ्या त्या मशीनचं फोनवं तुझ्या आवाजावनं सांगितलं. तू इचारायचास तवा एवढा खूश असायचास."

तिने पातेलं विसळलं आणि उपडं घातलं.

"घराचं बी तसंच," ती सहज म्हणाली. "मला कुठं कळतंय घराला वास येतोय का न्हाई. तू दारात आलास की तुझं तोंड बघते. तोंड वाकडं झालं की सारवून घेते, शेणाची पाटी लांब नेते. पर चार वर्सांत एकदा बी सरळ झालं न्हाई बघ तुझं तोंड. मग म्हणलं, येत आसंल."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. गोरखला लाज वाटली. भोरच्या खोलीत वाटायची तशी नव्हे. ती लाज अंगावरच्या कपड्यांची होती, पिशवीत बांधून ठेवता येत होती.

तो उठला, कुंपण ओलांडून गेला आणि भिमाच्या गोठ्यातून दोन्ही शेळ्या सोडून आणल्या. तांबडीला दारातल्या खुंटीला बांधत होता, तेवढ्यात ठकुबाई आली. एका हातात सुकटीचा डबा, दुसऱ्या हातात पदराची गाठ.

"गेली का पाव्हणी? हा घ्या डबा. आन रतनाक्का, जरा वास बघ की." तिने गाठ सोडून पसाभर तांदूळ दाखवला. "लेकीकडं धाडायचाय. खळ्यावं इंद्रायणी मिसळली का काय, मला शंका येती."

रतनबाईने हात पुसले. मूठभर तांदूळ घेतला, मूठ मिटली, वास सुटावा म्हणून अंगठ्याच्या फटीतून आत तोंडाची वाफ सोडली. पण नाकाशी नेली नाही. एक क्षण ती ठकुबाईकडे वळली, मग थांबली, आणि मूठ गोरखपुढे धरली.

"तू बघ रं."

"ह्याला काय कळतंय?" ठकुबाई हसली. "हा कारखान्यातला."

"कळंल," रतनबाई म्हणाली.

घरातून मोगरा अंगणापर्यंत येत होता. गोरख आत गेला. रिंग एकपर्यंत मागे फिरली, पुढे तिला जागाच नव्हती. त्याने यंत्र बोर्डातून उपटून काढलं आणि बाहेर आला. आईच्या हातातले दाणे त्याने स्वतःच्या मुठीत घेतले, वाफ सोडली, आणि मूठ नाकाशी नेताना या अंगणात नेहमी करायचा तसं तोंड फिरवलं.

"हिकडं बघून," आई म्हणाली.

त्याने तोंड तिच्याकडे केलं आणि श्वास घेतला.