कमरेचा पट्टा

आमच्या घरात कुणाला काय झालंय, ते ताई ठरवते. मला मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायचं व्यसन लागलंय हे कळल्यावर ती दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने निदान केलं, "तुझ्या मणक्यात गॅप आहे." व्यसनमुक्तीची खोली इस्पितळात हाडांच्या विभागाला लागूनच होती. सोय उत्तम होती.

तेव्हापासून मी कमरेला पट्टा बांधून हिंडू लागलो. चष्म्याच्या दुकानात मी काचा घासतो. मालकाने कळवळून माझ्या स्टुलावर उशी ठेवली. त्या उशीवर बसून मी आणखी आरामात खेळलो.

तीन गुरुवार इस्पितळातल्या बाकावर बसून तसाच परत आलो. दर वेळी कुणीतरी ओळखीचं निघायचं. या वेळी आत आला नाहीत तर नाव काढून टाकू, असा निरोप आला होता. आणि आज बाकावर आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, निवृत्त हेडमास्तर. गळ्यात कॉलर.

"मान का?" मी विचारलं.

"मान. तुमची पाठ?"

"पाठ."

तेवढ्यात सिस्टरने दार उघडून खणखणीत आवाजात विचारलं, "जुगाराचे कोण आहेत?"

बाकावरच्या सहाही जणांना एकदम छत बघावंसं वाटलं.

मी उठलो. शेजारी बसलेल्या ताईने शर्ट धरून खाली ओढलं. "बस मुकाट्याने! आपण हाडांचे."

"हाडं ठणठणीत आहेत, ताई."

"हळू बोल. हेडमास्तर ऐकतायत."

"ऐकू देत! महिनाभर पट्टा आवळतोय, खेळ एक दिवस सुटला नाही. काल तुझ्या लेकीने केक कापला तेव्हा मी बाथरूममध्ये डाव मांडून बसलो होतो. आणि तू बाहेरून विचारत होतीस, फार दुखतंय का रे?"

मी पट्टा ओढला. फर्रर्र आवाज झाला. "मी जुगाराचा," मी म्हटलं, जरा गरजेपेक्षा मोठ्यानेच. पलीकडच्या प्लास्टरवाल्यानेही दखल घेतली.

"ओरडू नका, इथे पेशंट आहेत," सिस्टर म्हणाली.

"मीही पेशंटच आहे."

आत समुपदेशक बाईंनी फॉर्म काढला. "सोबत घरचं कुणी?"

मी दाराकडे पाहिलं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग ताई आली. माझा पट्टा तिने स्वतःच्या कमरेला बांधला होता, तोही उलटा.

"कुणी विचारलं तर पेशंट मी," ती पुटपुटली आणि माझ्या शेजारी ताठ बसली.

"चालेल," मी म्हटलं.

"दार लावून घ्या," बाई म्हणाल्या.

"राहू द्या जरा उघडं," मी म्हटलं.

बाहेर हेडमास्तर कॉलर हातात घेऊन उभे होते आणि मान अगदी व्यवस्थित वळवून आत बघत होते.