कोरडं पिल्लू

गोदामाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, पत्र्यावर माणसं, आणि मधोमध चौरंगावर ऊबमहाराज. अंगात ढगळ बाह्यांची कफनी, ओंजळीत टपालानं आलेलं एक अंडं.

"थंडगार जीवसुद्धा आमच्या तळव्यात आला की त्याला आई आठवते!" महाराज घुमले. "शंभर कोंबड्यांची ऊब आहे या हातांत!"

कडकन आवाज झाला. ओंजळ उघडली, तर कवचाच्या तुकड्यांत पिवळंधमक पिल्लू चिवचिवत उभं! लोकांनी एकच जल्लोष केला.

गावात कोंबडीची पिल्लं विकणाऱ्या पिल्लाबाईनं तो जमिनीवर पडल्या पडल्या ऐकला. भावजयीनं तिचे केस मुठीत धरले होते आणि कुणाची तरी टाच तिच्या मनगटावर होती. पोटाशी, पदरात लपवलेलं काहीतरी वाचवत ती मुटकुळं करून पडली होती.

त्या काळी टपालानं अंडी मागवायची लाट आली होती. चित्रातल्या तुरेवाल्या कोंबड्या घरबसल्या मिळणार म्हटल्यावर पिल्लाबाईची साधी, जिवंत पिल्लं कोण घेणार? तिनं बजावलं होतं, "गाडीत हादरे खाऊन येतात गं ती. टोक खाली करून दिवसभर निवांत ठेवा, मगच कोंबडीखाली घाला. तरी निम्मी निघायची नाहीत." पण धीर कुणाला? पार्सल फोडलं की अंडी थेट कोंबडीखाली. एकातूनही पिल्लू निघालं नाही. मग सगळ्यांना तिचे शब्द आठवले: हिनं आधीच म्हटलं होतं! महाराजांनी तेवढंच हेरलं आणि हिच्याच नजरेनं अंडी मेली असं ठरवून टाकलं. सकाळी लोकांनी तिची शेड फोडली, पिल्लं पायांखाली चिरडली.

"हिची नजर कवचातून आत जाते," महाराजांनी बोट रोखलं. "तापलेली सळई फिरवा त्या डोळ्यांत!"

लोहारानं शेगडीतून सळई उपसली. भावजयीनं केसांना हिसडा देऊन तिचा चेहरा वर केला. भुवईवरून रक्त ओघळत होतं, त्यातूनही तिला चौरंगावरचं पिल्लू दिसलं.

"वहिनी," ती धापा टाकत म्हणाली, "तुझी तीन बाळंतपणं मी केली. एक तरी मूल कोरडं जन्मलं?"

"गप बस, चेटकिणी!"

"ते पिल्लू बघ. कापसासारखं फुललंय, तुरुतुरु चालतंय. आत्ता जन्मलेलं ओलंचिंब असतं गं, मान उचलत नाही. आणि ते कवच बघ. आतून रक्ताची एक रेघ तरी आहे का?"

मूठ सैल झाली. भावजय चौरंगाकडे गेली. महाराजांनी तुकडे झाकायला हात घातला, पण तिनं तो झटकला. कवच आतून स्वच्छ, धुतलेलं. टोकाला सुईचं भोक, मेणानं बुजवलेलं. तिनं कफनीची बाही धरून झटकली. आत शिवलेल्या खिशातून दुसरं पिल्लू धपकन खाली पडलं.

मग लोक महाराजांवर तुटून पडले. दात पडला, कफनी फाटली. लोहार तीच सळई घेऊन धावला.

"थांब!" पिल्लाबाई गुडघ्यांवर उठली. "मघाशीही विचारलं नाहीस, आत्ताही विचारत नाहीस. नुसता माणूस बदललास. ठेव ती खाली! त्याला पोलिसांकडे न्या."

सळई खाली गेली. तिनं पदर सोडला. शेड फुटताना उचललेलं एकच अंडं तिनं शेगडीजवळच्या उबेत ठेवलं. त्याला आतून पिल्लाच्या चोचीचा टोचा पडला होता.

"आता बसा. हे असं वेळ लावतं."

लोक बसले. रागानं, लाजेनं, मग कंटाळून, पण बसले. उन्हं उतरताना कवच दुभंगलं आणि आतून एक ओला, काळपट, कुरूप गोळा बाहेर लोळला. त्याला उभंही राहता येईना.

"बघा," सुजलेला डोळा कसाबसा उघडत पिल्लाबाई म्हणाली. "कुणी नवल दाखवलं की आधी हातात घेऊन बघा. ओलं आहे का, एवढं तरी विचारा. माझे डोळे काढायला निघालात, आणि स्वतःचे उघडायचं एकालाही सुचलं नाही."

भावजयीनं आपला पदर फाडला. आधी नणंदेची भुवई बांधली, मग ते ओलं पिल्लू टिपायला खाली बसली.