कडीवरचा हात

मालिकेचा पहिला भाग संपून पडदा काळा झाला, आणि ती पारखायला खोलीत बोलावलेल्या प्रेक्षकांना वाटलं, वीज गेली.

"घ्या, गेली," टॅक्सीवाला म्हणाला. पार्लरवाल्या बाईंनी छतावरच्या मिणमिणत्या दिव्याकडे बोट दाखवलं. वीज जागेवर होती, शेवटच गायब होता. मग एकच गलका झाला.

काचेच्या पलीकडे संकलक बसली होती. शूटिंगच्या ढिगाऱ्यातून नको ते कापायचं, हवं ते जोडायचं आणि गोष्ट उभी करायची, हे तिचं काम. मधली काच मोठी लबाड होती. प्रेक्षकांच्या बाजूने आरसा, तिच्या बाजूने खिडकी. पार्लरवाल्या बाई तिच्या थेट डोळ्यांत बघून केस सारखे करत होत्या, आणि तिला मात्र आपलीच चोरी पकडली गेल्यासारखं वाटत होतं.

भागातली गोष्ट साधी होती. एका बाईचा मुलगा अवकाशयानातून जातो, यान हरवतं, वर्षं लोटतात. एका संध्याकाळी फोन येतो की यानाचा संदेश मिळालाय, मुलगा जिवंत आहे, पण पार गुरूच्या पलीकडे. फोन कानाला असतानाच दारावरची बेल वाजते आणि बाहेरून त्याच मुलाचा आवाज येतो, "आई, दार उघड." बाई कडीवर हात ठेवते आणि तशीच उभी राहते. कितीतरी वेळ. मग काळोख.

"ही शुद्ध फसवणूक आहे," निवृत्त गणिताचे मास्तर उभे राहून म्हणाले. "गुरूच्या पलीकडून संदेश यायलाच अर्धापाऊण तास लागतो."

"मग तेवढ्यात पोचला असेल घरी," पार्लरवाल्या बाई म्हणाल्या.

"अहो, यान आहे ते, टॅक्सी नव्हे!"

"टॅक्सी असती तर अजून सिग्नललाच असता," टॅक्सीवाल्याने कबूल केलं. "पण दार उघडायला काय जातं हो त्या बाईचं? पोटचा पोरगा आहे."

"आणि नसला तर?" पार्लरवाल्या बाईंनी विचारलं. कोपऱ्यातले एक आजोबा मधल्या भागात छान घोरले होते. त्यांनी मात्र आपल्याला सगळं आवडल्याचं जाहीर केलं.

इकडे संकलकाशेजारी बसलेले वाहिनीचे साहेब प्रेक्षकांचं बोलणं ऐकत नव्हते. त्यांचा माणसांच्या तोंडावर भरवसा नव्हता, यंत्रावर होता. प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात वायरला जोडलेला एक गोल नॉब दिलेला असे. आवडलं की उजवीकडे फिरवायचा, कंटाळा आला की डावीकडे. बराच वेळ कुणी हलवलाच नाही, की यंत्र समजे माणूस कंटाळला, आणि त्याची रेघ खाली आणे. साहेब स्वतःही एक नॉब घेऊन बसत. भाग संपेपर्यंत तो हातातून सुटत नाही, असं ते येईल त्याला ऐकवत.

"बघा," त्यांनी यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. "यान हरवलं, रेघ वर. फोन आला, आणखी वर. आणि बाई दाराशी गेली की सगळ्यांची रेघ खाली. मेला शेवट तुमचा. दार उघडल्याचा शॉट आहे ना काढलेला? जोडा तो. नाहीतर मी ही मालिका पुढे नेत नाही."

दिग्दर्शकाला सगळे कॅप्टन म्हणत. एरवी सेटवर आवाजाने छत उडवणारा कॅप्टन आता नुसती मान डोलावत होता. तो शॉट मूळ संहितेत होताच. दार उघडतं, बाहेर मुलगा, एका दिवसानेही मोठा न झालेला. संकलकाने तो कापला होता. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिचा दादा वडिलांशी भांडून घरातून गेला तेव्हा "येतो" म्हणाला होता. सवयीने म्हणाला असेल. वडील गेले, तरी तो आला नाही. तेव्हापासून बेल वाजली की आई दाराशी जाई, कडीवर हात ठेवी आणि थांबे. कुरियरवाला असो, शेजारीण असो, थांबणं ठरलेलं. ते संकलकाला बघवत नसे. म्हणून ती स्वतः कधी बेल वाजवत नसे, किल्लीने दार उघडून गुपचूप आत येई. आईचं ते थांबणं पडद्यावर आलं होतं. पुढचा शॉट जोडला की ते जाणार होतं, आणि ही कल्पना तिला सहन होत नव्हती.

तिने पुन्हा यंत्राकडे पाहिलं. साहेबांची रेघ लाल रंगाची होती. तीही दाराशीच कोसळली होती.

"साहेब, तुमचा नॉब कुठंय?"

"हातात," साहेब म्हणाले आणि त्यांनी हात पाहिला. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरलेले होते. नॉब वायरला लोंबकळत खुर्चीखाली गेला होता. समोरच्या चहावर जाड साय धरली होती.

"सुटला असेल मघाशी, या गडबडीत."

"रेघ सांगते ना कधी सुटला ते. बाईने कडीला हात लावला तेव्हा. तुमचा, आणि तिकडे सगळ्यांचा."

नॉब वर ओढून साहेब त्याच्याकडे एखाद्या फितूर नोकराकडे बघावं तसे बघत राहिले.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "या भागात दार बंद राहू दे. दुसरा भाग करा. पण त्यात उघडायचं." जाताना ते दाराशी घुटमळले. "बाहेर कोण आहे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

घरी पोचेपर्यंत ती खुशीत होती. जिना चढून तिने पर्समध्ये हात घातला आणि किल्ली ऑफिसच्या टेबलावर राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. आई पेंगत असेल तर टकटक ऐकू जाणार नव्हती. नाइलाजाने तिने बेल दाबली.

आतून पावलं आली. भराभर आली, नेहमीपेक्षा भराभर. दाराशी थांबली. कडीवर हात पडल्याचा बारीक आवाज झाला आणि मग काहीच नाही. पडद्यावर हीच शांतता तिने जितकी लांबवता येईल तितकी लांबवली होती. पण इथे दाराच्या या बाजूला उभं राहिल्यावर तिला एक क्षणही धीर धरवेना.

"आई, मीच आहे गं!"

कडी निघाली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे रिकाम्या जिन्याकडे पाहिलं, आणि बाजूला होऊन तिला आत घेतलं.

"किल्ली विसरले," ती म्हणाली. "उगाच तुला आशा लागायला नको, म्हणून लगेच ओरडले."

"तेच म्हणते मी," आई दार लावत म्हणाली. "इतक्यात कशाला बोललीस? जरा थांबायचंस की."