लाल चौकातली खुर्ची

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. भाकरी करपली की ही चूलच बदलायला निघते, असं आष्ट्याला माहेरी सगळे म्हणायचे. लग्न होऊन उंब्रजला आले तेव्हा सासऱ्यांचा कारखाना म्हणजे हायवेलगतचं पत्र्याचं एक शेड होतं. पाठीवर अडकवायचे फवारणीचे पंप तिथं बनायचे. सासरे हंबीरराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरात आणि कारखान्यात सगळे त्यांना आण्णा म्हणत. नवरा इंद्रजितही फौजेतच, सुट्टीपुरता घरी येणारा. मी सांगलीत इंजिनिअरिंग शिकलेली. पंपांना मागणी वाढली, कर्नाटकातून ऑर्डरी येऊ लागल्या, दुसरं शेड उभं राहिलं, आणि एक दिवस आण्णांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "संयोगिता, आता तू सांबाळ," म्हणाले.

मी सांभाळण्यावर थांबले नाही, सुधारायला घेतलं. रोज एक सुधारणा, लहान का असेना, पण रोज. पुण्याला जाऊन शिकून आले होते. कामगारांना सांगितलं, जे लागत नाही त्याला लाल चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठी लागलेली वस्तू मागच्या अंगणात लाल पट्टा मारलेल्या चौकात ठेवायची. शनिवारी भंगारचा टेंपो येतो. तो यायच्या आधी कुणीतरी पुढं येऊन "हे लागतं" म्हणायचं, कशासाठी लागतं तेही सांगायचं, आणि चिठ्ठी काढायची. कुणी बोललं नाही तर वस्तू गेली. चिठ्ठी कुणी लावली त्याचं नाव खाली लिहायचं, एवढाच नियम.

सुरुवातीला लोकांनी मान डोलावली आणि काही केलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मग हळूहळू गोडी लागली. कोंडीबा हा सगळ्यात जुना फिटर, त्याला मी सुधारणा समितीचा प्रमुख केलं. दगडाबाई पंपांना पट्टे बसवायची, तिनं पट्ट्यांची खोकी हाताशी आणून ठेवली आणि दिवसभराची ऊठबस वाचवली. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं आणि भाषणही ठोकलं. "खरी सुधारणा कुठली? जी एक दिवस माझ्याशिवाय चालेल ती!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं होतं.

आता राहिला आण्णांचा रामराम. सकाळी भोंगा झाला की आण्णा फाटकापासून शेवटच्या यंत्रापर्यंत चालत जायचे. प्रत्येकापुढं थांबायचं, नाव घेऊन रामराम घालायचा, समोरून रामराम आल्याशिवाय हलायचं नाही. कुणी रजेवर असलं तर त्याच्या रिकाम्या स्टुलाला नाव घेऊन रामराम. हातातलं काम सोडून माणसं उभी राहायची. दोन शेडांचा रामराम संपेपर्यंत सकाळचा चांगला वेळ वाया जायचा. मी आण्णांना ते कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं.

"येवडा येळ जातू व्हय?" म्हणाले. "मग बंद करू. हुकूम म्हंजे हुकूम."

दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या जुन्या लाकडी खुर्चीवर पहिल्या शेडच्या दाराशी नुसते बसू लागले.

त्यानंतरच बिननावाच्या चिठ्ठ्या दिसायला लागल्या.

पहिली एका मोडक्या टेबलावर होती. चिठ्ठी योग्यच होती, म्हणून मी नाव नसण्याकडे काणाडोळा केला. मग एका वाकड्या शिडीवर. तीही बरोबर. कुणीतरी लाजाळू आहे पण डोकं चालवतोय, असं म्हणून मी खूश. मग दाराशेजारच्या पाण्याच्या माठावर चिठ्ठी दिसली. पाण्याचं मशीन आल्यापासून माठ लागत नव्हताच. शनिवारी तो गेला. सोमवारी मी दगडाबाईला सहज म्हटलं, "माठ गेल्यापासून तुझं पाणी भरायचं काम वाचलं की गं."

"कसला माठ वैनीसाब?"

"अगं, इथला. तूच भरायचीस ना रोज?"

ती माझ्याकडं काळजीनं बघू लागली. "आवं, हितं कवाच माठ नव्हता."

जमिनीवर माठाच्या बुडाचा गोल ओला डाग अजून होता. तिनं त्या डागावर पाय ठेवला आणि आपल्या जागेवर निघून गेली. कोंडीबालाही विचारलं. त्यालाही माठ आठवत नव्हता. मी मनाला दटावलं. कामाच्या माणसांना माठ कशाला लक्षात राहील?

पुढच्या मंगळवारी आण्णांच्या खुर्चीवर चिठ्ठी होती.

मी ती फाडणारच होते. आण्णांनी हात आडवा केला. त्यांना हसू येत होतं. "न्हाई पोरी. सुभेदारानं नियम मोडला तर जवानानं काय करायचं?" असं म्हणून त्यांनी खुर्ची उचलली, मागच्या अंगणात नेली, लाल चौकात ठेवली आणि तिच्यावर बसले. मला वाटलं, गंमत आहे. दुपारपर्यंत कुणीतरी जाऊन "ही लागते" म्हणेल आणि सगळे हसतील. नेमका त्या दिवशी बेळगावहून मोठा व्यापारी आला होता. मी त्याच्यामागं होते.

कुणीच गेलं नाही. बुधवारी बघितलं तर माणसं चौकाजवळून डबे घेऊन जात होती आणि आण्णांकडं कुणीही बघत नव्हतं. मानही वळत नव्हती. आण्णा एकेकाचं नाव घेऊन हात वर करत होते, आणि माणसं वारा आल्यासारखी नुसती बाजूला होत होती.

संध्याकाळी इंद्रजितचा फोन आला. ऊस, पाऊस, सुट्टी, सगळं बोलून झालं. मी म्हटलं, "आण्णांची चौकशी नाही केलीस ती?"

तो म्हणाला, "कोण आण्णा?"

"इंद्रजित, चेष्टा नको हं."

"चेष्टा कसली? कारखान्यात नवीन कुणी आलंय का?"

मी वळून बघितलं. समोरच्या खोलीत आण्णा बातम्या बघत बसले होते.

गुरुवारी पहाटे मी उठले, चहा टाकला, एका कपात ओतला आणि प्यायला बसले. अर्धा कप संपल्यावर आठवलं की या घरात रोज दोन कप भरतात. दुसरा कुणाचा, हे आठवायला मला खिडकीबाहेर बराच वेळ बघावं लागलं. मग मी त्या ओट्यापाशीच रडले. माझे वडील मी शाळेत असतानाच वारले. सासरी आल्यावर ज्या माणसानं मला सून न म्हणता पोरी म्हटलं, त्याचं नाव माझ्याच डोक्यातून पुसलं जात होतं. शनिवारी टेंपो आला की ते कायमचे जाणार, आणि आपलं काही गेलंय हेही कुणाला कळणार नाही.

शुक्रवारी मी कोंडीबाला हाताला धरून चौकात नेलं आणि म्हटलं, "हे मला लागतं."

त्यानं बघितलं. "ही खुर्ची? मोडकळीला आलीया की वैनीसाब. कशाला लागती?"

कशाला? मी तोंड उघडलं आणि कारण शोधू लागले. हिशेब आता कॉम्प्युटर करतो. माल मी तपासते. व्यापारी माझ्याशी बोलतात. जी माणसं नुसती असतात, त्यांचा उपयोग कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. मी चिठ्ठीला हात घातला. कागद सुटेना, लाकडाची साल झाल्यासारखा घट्ट बसलेला. कोंडीबा मान हलवून निघून गेला.

"आण्णा, उठा," मी म्हटलं. "तुम्हीच काढा ती."

"माजी चिठ्ठी म्या कशी काढू?" ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा उन्हात ठेवलेल्या फोटोसारखा फिकट दिसत होता. "आन् उठून जाऊ कुटं? रामराम तर बंद हाय."

शनिवारी सकाळी भोंगा झाला. मी केबिनमधून उठले, फाटकापाशी गेले आणि पहिल्या माणसापुढं उभी राहिले. आमच्याकडं बायका असा रामराम घालत नाहीत, सुना तर नाहीच नाही. लाज वाटत होती. "बिरदेव, रामराम," म्हटलं. तो गडबडला. हातातली नळी खाली ठेवून म्हणाला, "रामराम, वैनीसाब." पुढं दगडाबाई. "रामराम, दगडाबाई." मग पुढचा, मग पुढची. कुणाचं नाव आठवलं नाही तर आठवेपर्यंत उभी राहिले. कामं थांबली, यंत्रं थांबली. बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. मी घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा घाई केली नाही.

शेवटचा कोंडीबा. "कोंडीबा, रामराम."

"रामराम, वैनीसाब," तो म्हणाला आणि सवयीनं माझ्या पाठीमागं बघू लागला. कपाळाला आठी पडली. "आन् आण्णा कुटं हायत? आज त्येंनी न्हाई घातला रामराम?"

शेडमध्ये कुजबुज उठली. व्हय की, आण्णा कुटं हायत? आण्णास्नी बघितलं का कुणी? मी "मागं!" म्हणून ओरडले, आणि सगळे अंगणाकडं पळाले.

आण्णा चौकात उभे होते. चेहऱ्यावर रंग होता. चिठ्ठी गळून खाली पडलेली. कोंडीबानं त्यांचे दोन्ही हात धरले, दगडाबाई पदरानं डोळे पुसू लागली. "खुर्ची का म्हनून हितं आनली? आमास्नी लागती की ही!" कशासाठी, ते तिला कुणी विचारलं नाही. मी गर्दीतून वाट काढत पुढं गेले आणि आण्णांच्या पाया पडले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नजर प्रेमळ होती, पण अनोळखी. "रामराम, बाई," म्हणाले. "कुनाच्या तुमी? आन् दंडाला काय लागलंय तुमच्या?"

मी बघितलं. माझ्या बाहीवर लाल चिठ्ठी होती. खाली नाव नव्हतं.

"कुनासंगट बोलताय, आण्णा?" कोंडीबानं विचारलं. तो थेट माझ्या तोंडाकडं बघत होता.

तेव्हापासून कारखाना उत्तम चाललाय. रोज एक सुधारणा होते, समिती भरते, ऑर्डरी वेळेवर जातात. मी म्हटलं होतं तसं सगळं माझ्याशिवाय चालतं. इंद्रजित सुट्टीवर आला तेव्हा त्यानं एकट्याचंच ताट वाढून घेतलं. मी समोर बसून होते. चिठ्ठी मी नखांनी, पाण्यानं, सगळ्यानं काढून बघितली. स्वतःची स्वतःला निघत नाही.

आण्णांनी रामराम मात्र परत सुरू केला. रोज सकाळी फाटकापासून शेवटच्या यंत्रापर्यंत. सगळ्यात शेवटी ते माझ्या केबिनच्या दाराशी येतात. आत रिकामी खुर्ची दिसते त्यांना. तरी थांबतात, नाव आठवायचा प्रयत्न करतात, आठवत नाही, मग हात जोडून म्हणतात, "रामराम, बाई." मी मोठ्यानं "रामराम, आण्णा" म्हणते. ऐकू आलं असावं तसे थोडा वेळ उभे राहतात आणि जातात. तेवढ्यावर माझे शनिवार निघतात, टेंपो मला न घेता जातो. लोक माझी केबिन मोडून तिथं खोकी ठेवायचं म्हणतात, आणि आण्णा म्हणतात, राहू द्या, तिथं कुणीतरी बसतं.

परवापासून त्यांना ताप आहे. काल ते काठी टेकत आले होते. आज भोंगा होऊन बराच वेळ झाला, माणसं कामाला लागली, आणि फाटकाशी त्यांची काठी अजून दिसत नाही. आज शनिवार आहे. टेंपो हायवेवरून आत वळला आहे.