हरत्या संघाची मोजपेटी

शनिवार, १६ नोव्हेंबर १९८५. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे. विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ चौदा गुणांनी मागे. मित्रांनो, मी एक जुनी मोजपेटी आहे. तेव्हा मी टेक्सासमधील शुगर लँड येथे, इंजिनिअर त्र्यंबकराव आणि मालिनीबाई यांच्या टीव्हीमागे होते. टीव्हीवर कोणती वाहिनी चालू आहे ते नोंदवून टेलिफोनच्या तारेने कळवणे, हे माझे काम. शहर परिसरात अशा चारशे पेट्या होत्या.

मला बसवले तेव्हा संघ जिंकत होता. शनिवारी शंभरावर पेट्यांत हाच सामना नोंदला जाई. पाहुणे मला कौतुकाने न्याहाळत. यंदा पराभव वाढले, प्रेक्षक गळाले आणि माझ्यावर धूळ साचली. अखेर वाहिनीने जाहीर केले : आजचा सामना संपताना निदान वीस पेट्यांत तो चालू नसेल, तर पुढचा दाखवणार नाही. त्या पुढच्या सामन्याच्या मध्यंतरात या घरची मुलगी सुलेखा विद्यापीठाच्या बँडमध्ये एकटीने ट्रम्पेट वाजवणार होती. सामना दूरच्या राज्यात, आणि मालिनीबाईंचा पाय प्लॅस्टरमध्ये; लेकीला पाहायचे तर टीव्हीवरच.

शेवटची पाच मिनिटे उरली आणि त्र्यंबकरावांनी टीव्ही बंद केला. मी हादरले.

"अहो, ऑफ का केलात?"

"अगं, मी बघितलं की टीम हरते! पुण्यात विकेटी पडायला लागल्या की रेडिओ बंद करायचो, आठवतं ना? टीम जिंकली तरच लोक बघतील."

"आणि आपल्या घरात कोण बघतंय? तो डबा टीव्ही मोजतो, तुमचे शकुन नाही! इंजिनिअर ना तुम्ही?"

त्र्यंबकराव बटणाशी घुटमळले. घड्याळ पुढे सरकत होते. मला ओरडता येत नव्हते.

"ठीक आहे. ऑन करतो. पण मी गॅरेजमध्ये बसतो."

"बसा! स्कोअर मात्र विचारू नका."

पडदा उजळला. सामना संपेपर्यंत मी 'चालू' अशीच नोंद केली. संघ हरलाच.

मित्रांनो, जिंकणाऱ्याला प्रेक्षक आपोआप मिळतात. आपले माणूस हरत्या बाजूला उभे असेल, तेव्हा तोंड फिरवू नका.

सोमवारी आकडा आला : चारशेपैकी वीस.