मागच्या चाकातली हवा

“हे खरं मानणारा माणूस अजून जन्माला यायचाय!” लिफ्टवाल्या काकांनी बाकावर मांडी ठोकली आणि टायरवाल्या ताईंच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं.

ते थांबावं म्हणूनच तर काकांनी तोंड उघडलं होतं.

त्याचं असं झालं होतं. काकांनी उभं आयुष्य एका बारा मजली कचेरीची लिफ्ट चालवण्यात काढलं. छत्तीस वर्षं नुसतं वर आणि खाली. निवृत्ती वर्षावर आली तेव्हा ते घरी येऊन बायकोला म्हणाले, “आता उरलेलं आडवं जायचं.” बायको शाळेत भूमिती शिकवायची. सगळं जग तिला बाई म्हणे आणि जगाचं बघून काकाही. बाईंना आडवं जाणं पटलं. राहतं घर मोडून दोघांनी मोटारघर घेतलं. सहा चाकं, दोन बिछाने, एक शेगडी आणि कुणी शिंकलं तरी हलणारं एक कपाट.

बाईंची अट एकच होती. “ज्या घराचा पाया हवेचा, त्या घरात टायरच्या बाबतीत थापा चालणार नाहीत. नक्षी कितीही कोरी दिसू दे, सहा वर्षं झाली की सहाही टायर बदलायचे. आपली गाडी चालते कमी आणि उभी जास्त. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, आतून कुजतात. बाकी हवं ते फेका, मी ऐकेन. पण टायरवरून खोटं बोललात, तर जिथे पकडेन तिथे उतरेन.”

आणि बाई बोलल्या म्हणजे करणार. चौतीस वर्षं त्यांनी कॉप्या पकडल्या होत्या, तेही पोरांकडे न बघता.

सहाची सात वर्षं झाली, सातची नऊ झाली. गेल्या उन्हाळ्यात बाई दहा दिवस बहिणीकडे गेल्या, त्या जाताना बजावून गेल्या की परत येईन तेव्हा नवे टायर दिसले पाहिजेत. काका इमानदारीत टायरच्या दुकानात गेले. बाकावर कोणी तरी बसलेलं होतं. काकांनी सहज एक किस्सा काढला आणि तो संपला तेव्हा दुकानाचं शटर खाली येत होतं. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर कालचे दोघे उरलेलं ऐकायला येऊन बसलेले. असे दहा दिवस गेले. दहाव्या दिवशी संध्याकाळी बाई बॅग घेऊन दारात उभ्या, आणि टायर तेच.

मग काकांनी काय करावं? आदल्या दुपारीच त्यांनी सहाही टायर साबणाने घासून वर बुटाचं पॉलिश चोळून ठेवलं होतं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे टायरची जन्मतारीखच. त्या चार आकड्यांवर तर पॉलिशचा लेपच दिला.

“बदलले,” काका म्हणाले.

“छान चमकतायत,” बाई म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला.

तो आज दुपारी पुन्हा निघाला. सरळ, सपाट रस्ता. बाई मागे कानात कापूस घालून झोपल्या होत्या. मागचा डावा टायर असा फुटला की शेगडीवरचं झाकण उडून बाईंच्या पोटावर येऊन बसलं. मागे जोडचाक होतं म्हणून गाडी लंगडत लंगडत या दुकानापर्यंत पोचली. ताईंनी पान्याने नट काढले, फाटलेला टायर भिंतीला टेकवला आणि विचारलं, “कधीचे हे?”

“गेल्या उन्हाळ्यातले,” बाईंनी सांगितलं. त्या बाकाच्या टोकाला विणकामाचे टाके मोजत बसल्या होत्या. “छप्पन्न, सत्तावन्न...”

“वर्षात फुटला? असं कसं होईल, मावशी? थांबा, जन्मतारीख बघते.” ताईंनी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं.

तर तेव्हा काका बोलले.

बाकावर दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर पंक्चर निघायची वाट बघत बसला होता. तो सरसावून बसला. “सांगा तर खरं, काका.”

“आमच्या घरात डाव्या अंगाला एक कपाट आहे,” काका म्हणाले. “त्यात हिच्या चौतीस वर्षांच्या उत्तरपत्रिका आहेत. नुसत्या नापासांच्या.”

“नापासांच्याच का?”

“पास झालेली पोरं आपापल्या घेऊन गेली. आता तुम्हीच सांगा, नापासाचा पेपर किती जड असतो?”

ड्रायव्हरने मान खाली घातली. “असतो खरा. माझा बाबांनी दोन्ही हातांनी उचलला होता.”

“त्या वजनाने डावीकडचे टायर झिजून झिजून एवढेसे झाले! उजवीकडचे होते तेवढेच. मग गाडी कशी जाणार? मी स्टिअरिंग सरळ धरलंय आणि घर आपलं डावीकडे वळतंय. वळतंय ते वळतंयच. एका टेकडीभोवती एक्केचाळीस फेऱ्या झाल्या!”

“लहान चाकाच्या बाजूला वळतं, हे बरोबर आहे,” बाई सुयांवरून नजर न काढता म्हणाल्या. “त्याचा एक गुण. एकोणसत्तर, सत्तर...”

“पण मावशी गाडीत होत्या ना? त्यांना फेऱ्या कळल्या नाहीत?” ताईंनी विचारलं. फडकं पुन्हा चालू लागलं होतं.

“तिला कशाला विचारता, ती झोपली होती!” काका घाईने म्हणाले. “टेकडीच्या पायथ्याशी चहाची टपरी होती. थांबता तर येईना. टपरीवाल्याने पहिल्या फेरीला खिडकीतून कप दिला, दुसऱ्या फेरीला त्यात चहा ओतला, तिसऱ्याला बिस्किट. चौथ्या फेरीला कप परत घेतला. दहाव्या फेरीनंतर तो मला विचारायला लागला, नेहमीचाच का?”

ड्रायव्हर मांडीवर थाप मारून हसला. ताईही हसल्या, पण हात काही थांबेना. रॉकेलने पॉलिश विरघळलं, काळा ओघळ खाली आला आणि पहिला आकडा दिसला. मग दुसरा. बाई इथेच उतरणार, या ग्रीसच्या डागांवर बॅग ठेवणार आणि बहिणीकडची गाडी धरणार, हे त्यांना लख्ख दिसलं. आपण एकटे त्या घरात काय करणार? नुसत्या भिंतींना किस्से सांगणार? भिंतीसुद्धा पातळ, पलीकडे जातील सगळे.

“वीस फेऱ्यांनंतर टेकडी झिजायला लागली,” ते ओरडले. “पंचविसाव्या फेरीला तिला चक्कर आली!”

चारही आकडे निघाले होते. ताईंनी ते वाचले. बोटांवर हिशेब केला. मान वळवून काकांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा काकांकडे. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले होते आणि जोडले नव्हते एवढंच.

ताईंनी टायर उचलला आणि आकडे भिंतीकडे येतील असा फिरवून ठेवला.

“रस्त्यात खिळा-बिळा लागला असेल,” त्या म्हणाल्या. “सहाही बदलून टाकते, काका. एका वेळचे असलेले बरे.”

सुटलो! काकांच्या छातीवरून अख्खी लिफ्ट उतरली. आता गप्प बसायचं, नव्या टायरवर चढायचं आणि जायचं. इतकं सोपं होतं. पण ड्रायव्हर पुढे झुकून म्हणाला, “मग फुटला कसा, काका?”

आता फुटायच्या आधीच किस्सा सोडून उठायचं? काकांच्याने ते होईना.

“तीच तर खरी गंमत,” ते म्हणाले. “धडाम्! असा आवाज झाला, आणि आतली हवा बाहेर आली. साधी हवा नाही हो. वास आला लिफ्टच्या ग्रीसचा. फिनेलने पुसलेल्या जिन्याचा. आमच्या साहेबांच्या खोकल्याच्या गोळीचा. कोंडून राहिला होता सगळा! ही गाडी ताब्यात घेतली तो माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. कचेरीच्या मागच्या गल्लीत चाकांत हवा भरायला लावली, आणि वर जाऊन शेवटची फेरी मारली. बाराव्या मजल्यावर मी जे ओरडलो ते खिडकीतून खाली आलं आणि हवेबरोबर टायरमध्ये गेलं. आज दुपारी ते बाहेर पडलं. माझाच आवाज, जसाच्या तसा. ‘बारावा मजला! सगळ्यांनी उतरून घ्या!’”

कॉम्प्रेसरही दम खायला थांबला. ड्रायव्हरने डोळे पुसले, आणि काकांनाही वाटलं की असं खरंच झालं असतं तर किती बरं झालं असतं.

मग त्यांच्या लक्षात आलं की सुयांचा आवाज येत नाहीये.

“एकशे चार,” बाई म्हणाल्या, आणि विणकाम मांडीवर ठेवलं. “हा आवाज तुमच्या शेवटच्या दिवसाचा?”

“अगदी शेवटच्या दिवसाचा!” काका अजून रंगातच होते.

“म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा.”

“दहा वर्षं आणि दोन...” काका थांबले.

ताईंनी हळूच कपाळावर हात मारला. काळा पंजा उमटला.

“अहो,” बाई म्हणाल्या, “हवा दहा वर्षांपूर्वीची, तर टायर गेल्या उन्हाळ्यातले कसे?”

काकांनी तोंड उघडलं.

“आणि जुनी हवा नव्या टायरमध्ये ओतून घेतली, असं सांगू नका.”

काकांनी तोंड मिटलं. ते तेच सांगणार होते.

“खोटं बोललात,” बाई म्हणाल्या. “टायरवरून. उतरेन म्हणाले होते मी.” त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या, टायर फिरवून आकडे वाचले आणि बोटावरचं पॉलिश काकांच्या बाहीला पुसलं. “पण चौतीस वर्षांचं कपाट उतरवायचं कुणी? तेव्हा तुम्हीच उतरा. त्या पुढच्या सीटवरून. किल्ली द्या इकडे.”